कात

लिझर्डच्या टोकाला रस्ता संपतो
आणि तिथं ओळीनं लाकडी टपऱ्या,
त्यातली हिरव्या दाराची हेडली ट्रेगनाची,
म्हणजे माझ्या बापाची.
खारा वारा दर दोन वर्षांनी बिजागऱ्या खातो.
आम्ही नव्या लावतो. तो पुन्हा खातो.

इथला दगड सापाच्या अंगासारखा:
हिरवट, तांबूस ठिपक्यांचा,
मधूनच एखादी पांढरी शीर.
कोरडा असला की नुसता करडा,
कुणीही लाथेनं बाजूला सारावा असा.
बाप तो उचलायचा आणि चाटायचा.
हो, जिभेनं. पर्यटकांसमोर.
ओल्या जागेपुरता रंग उघडायचा
आणि तेवढ्यावर तो ठरवायचा,
याचं दीपगृह होईल
की नुसती अंड्याची वाटी.

मग हातोडीची एक टिचकी, कान लावून.
खणखणला तर आत.
बद्द वाजला तर बाहेर, खुराड्याच्या भिंतीत.
आमच्या कोंबड्या महालात राहत.

साप कात टाकतो सरसर, एका दुपारी.
दगडाची कात वेळ घेते,
ती कातावीच लागते.
लेथचा पट्टा सुटला की बाप ज्या शिव्या द्यायचा
त्या आईनं मला शिकू दिल्या नाहीत,
मी शिकले.
पातं टेकलं की करडी भुकटी उडायची,
भुवयांवर, चहावर, पावावरच्या लोण्यावर,
त्याच्या छातीत.
खोकला आला की तो लेथ थांबवायचा नाही,
खोकला थांबवायचा.

"ढकलू नकोस," म्हणायचा,
"दगडच तुझ्याकडे येतोय.
तू फक्त वाटेत उभी राहा."

मऊ दगड म्हणतात याला.
मऊ म्हणजे काय ते मला तेराव्या वर्षी कळलं:
दाबाला नाही म्हणत नाही,
देत जातो, देत जातो,
आणि पांढऱ्या शिरेपाशी पोचलात
की अख्खा फुटतो.
भुवईवर खूण आहे अजून.
कुणी विचारलं तर मांजर सांगते.

माझी पहिली अंड्याची वाटी लव्हडे आत्याला दिली.
तिच्यात अंडं तिरकं बसायचं.
अकरा वर्षं ती मान तिरकी करून
न्याहारी करत राहिली,
एका शब्दानं बोलली नाही.

तो गेला त्या मार्चमध्ये
लेथवर अर्धं दीपगृह होतं.
खांब उतरलेला, पायाशी जाड, वर निमुळता, कातीव,
सज्जा अजून दगडातच.
तिथं पेन्सिलीची एक रेघ: इथवर.
सगळे म्हणाले, पूर्ण कर.
पाद्रीबाबासुद्धा म्हणाले, टोपी हातात घेऊन.
आठ महिने मी त्या रेघेकडे पाहिलं.
रेघ त्याच्या हाताची होती,
माझा हात दुसरीकडेच थांबतो.

शेवटी सोडवलं, पुसलं,
आणि दाराला अडण म्हणून ठेवलं.
नैर्ऋत्येचा वारा आत घुसतो तेव्हा
फळ्या कुरकुरतात, कपाटातल्या बशा कुजबुजतात,
ते तसूभर हलत नाही.

परवा एका जर्मन बाईंनी विचारलं,
ते दारातलं किती?
म्हटलं, ते कामावर आहे.
त्या हसल्या. दोन अंड्याच्या वाट्या घेतल्या,
सरळ बसणाऱ्या.

त्या गेल्यावर ढिगातून एक दगड उचलला.
उलटा केला, सुलटा केला.
रस्त्यावर कुणी नव्हतं,
तरी थोडी लाजले,
मग चाटला.

मीठ आधी लागतं.
रंग नंतर.